मॉसच्या गाभ्यातून हवामान वाचताना : प्रकल्प नोंदी, गाभा क-२

३ फेब्रुवारी

गाभा क-२ (नळीने खणून काढलेला मॉसचा उभा दंडगोल) उणे २०° से च्या फ्रीझरमधून काढून बाहेरून तपासला आणि दहा मिनिटांत परत आत ठेवला. व्यास ८ सेंमी. अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण ऑर्कनी बेटांवरच्या मॉसच्या गादीतून परवान्यासह काढलेला. अंटार्क्टिक पर्यावरण शिष्टाचारानुसार (१९९१ मध्ये सह्या, १९९८ पासून लागू) तिथली वनस्पती उचलायला परवाना लागतो. परवान्यात लिहिलेल्या आकारापेक्षा एक सेंटीमीटरही जास्त खणता येत नाही, म्हणून दुसऱ्यांदा नमुना मिळेल असे गृहीत धरून काहीही करायचे नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी: या वहीत मॉस म्हणजे ओल्या खडकावर उगवणारी बारीक पानांची हिरवी वनस्पती, तळ्यातले बुळबुळीत शेवाळ नव्हे. गादी रचणाऱ्या जाती मुख्यतः दोन, पॉलिट्रायकम स्ट्रिक्टम आणि कोरिसोडोंटियम ॲसिफायलम. दोन्ही शेंड्याकडून वाढतात. खालचा भाग मरतो, पण थंडीत आणि आम्लात तो कुजत नाही, आणि काही दशकांत तळाकडून गोठत जातो. सिग्नी आणि एलिफंट बेटांवरच्या अशा गाद्यांचे तळ सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीपर्यंत जातात. त्या टोकाला झाडे नाहीत, म्हणजे खोडातली वर्षवलये नाहीत. जमिनीवरच्या जिवांनी हवामानाला काय प्रतिसाद दिला हे सलग सांगणारे तिथे फार थोडे आहे, त्यात मॉस पहिले.

प्रकल्पाचा प्रश्न एका ओळीत: गाभ्यात वर जाताना जो बदल दिसेल त्यातला किती हवामानाचा, आणि किती कुजण्याचा, दाबाचा किंवा आपल्या हातचा?

५ फेब्रुवारी

लांबीचा हिशेब. क्षेत्र-वहीत भोकाची खोली ६२ सेंमी, प्रत्यक्ष गाभा ५७.५ सेंमी. ४.५ सेंमी कुठे गेले? खणताना वरचा न गोठलेला थर दबला. मॉस स्पंजासारखा असतो, नळी फिरवत खाली दाबली की आधी बसतो आणि मग कापला जातो. खालचा गोठलेला भाग दबत नाही.

म्हणून ही ४.५ सेंमीची तूट सबंध गाभ्यावर सारखी वाटायची नाही. क्षेत्र-वहीप्रमाणे त्या दिवशी २४ सेंमीपर्यंत थर मऊ होता, म्हणजे सगळी तूट त्या २४ मध्येच. शिवाय मऊ भागातही सर्वांत वरचे ५-६ सेंमी जास्त दबतात. यावर स्वच्छ तोड एकच: खोलीऐवजी वरपासूनच्या एकूण कोरड्या वजनावर काम करणे. दबल्याने जाडी बदलते, वजन बदलत नाही. ग्रॅम प्रति चौरस सेंमी हा आडवा अक्ष ठरवला. खोली फक्त चकती शोधण्यापुरती.

पुढच्या मोहिमेसाठी सूचना लिहून ठेवली: मऊ थर नळीने काढू नका. दात्यांच्या लांब सुरीने चारी बाजूंनी कापून चौकोनी ठोकळा उचला आणि नळी गोठलेल्या भागापासून लावा.

१० ते १२ फेब्रुवारी

काप. थंड खोलीत (उणे १५° से) पट्टा-करवतीवर. आधी गाभा उभा चिरून दोन अर्ध केले. एक अर्ध न उघडता परत फ्रीझरमध्ये, त्याला या प्रकल्पात हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या ५ मिमी जाडीच्या चकत्या.

करवतीचे पाते दर कापाला १ मिमी खाते. प्रत्येक चकतीमागे गाभा ६ मिमी पुढे सरकतो आणि एकूण ९५ चकत्या निघाल्या. "चकती क्रमांक गुणिले ५ मिमी" असे खोलीचे गणित कुणी केले तर शेवटच्या चकतीला साडेनऊ सेंमीची चूक होते. ही चूक हमखास होते, कारण पिशवीवर फक्त क्रमांक असतो. म्हणून प्रत्येक पिशवीवर वरची आणि खालची दोन्ही खोली मिमीमध्ये लिहिली.

प्रत्येक अर्धचकतीचा बाहेरचा गोल कडेचा ५ मिमी भाग तासून टाकला, कारण नळी वरचे कण खाली ओढत नेते. तासणे थंड असतानाच, धातूच्या सुरीने, दर चकतीनंतर सुरी एथेनॉलने पुसून. उरते सुमारे १९ चौ. सेंमीचे क्षेत्र, म्हणजे साडेनऊ घन सेंमी मॉस. त्याचे चार वाटे: घनता आणि राख, कालमापन, सेल्युलोज, कवचधारी अमीबा (कवचात राहणारे एकपेशी जीव).

११ तारखेला दुपारी पाते गरम होऊन ३८ ते ४१ सेंमीमधल्या चकत्यांच्या कडा वितळल्या आणि पुन्हा गोठल्या. वितळलेले पाणी बारीक कण घेऊन शेजारच्या चकतीत शिरते. त्या सहा चकत्या अमीबा-मोजणीतून वगळल्या. कालमापनाला चालतील, कारण तिथे हाताने वेचलेली खोडेच जातात. यापुढे दर दहा कापांनंतर पाते पाच मिनिटे थांबवायचे.

१३ फेब्रुवारी

पिशव्यांची याद्यांशी जुळणी. चकती ५२ आणि ५३ च्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या होत्या. कापाच्या वेळी काढलेल्या फोटोंवरून दुरुस्त केले.

१८ फेब्रुवारी

घनता आणि राख. घनतेच्या वाट्याचे आकारमान कॅलिपरने गोठलेल्या अवस्थेतच मोजले. वितळल्यावर मोजण्यात अर्थ नाही, आकार राहत नाही. मग १०५° से ला २४ तास, वजन, मग भट्टीत ५५०° से ला ४ तास, पुन्हा वजन.

इथे आकडे फार लहान आहेत. वाटा सुमारे ०.२ ग्रॅम कोरडा, राख त्याच्या काही टक्के, म्हणजे जेमतेम ४ ते १० मिलिग्रॅम. मूस डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार न करता काट्यावर ठेवली तर तिने शोषलेली हवेतली ओलच तेवढी भरते. भट्टीचा वेगही हळू हवा: झटकन तापवले की सुकी पाने धुराबरोबर उडतात आणि राख कमी येते. मिनिटाला ५° पेक्षा जास्त चढवायचे नाही, आणि दार २०० च्या खाली आल्यावरच उघडायचे.

वरच्या चकत्या खालच्यांपेक्षा हलक्या, हे अपेक्षितच. राखेची एक ठळक उडी ३० सेंमीच्या आसपास आहे. ती वाऱ्याने आणलेली धूळ असू शकते किंवा ज्वालामुखीची राख. सूक्ष्मदर्शकाखाली पाहेपर्यंत त्यावर एक शब्दही नको.

२४ फेब्रुवारी

वेचणी. पेट्री डिशमध्ये शुद्ध पाणी, २० पट मोठे करून, दोन बारीक चिमटे.

जात ओळखणे सोपे आहे. पॉलिट्रायकमच्या पानावर लांबीने उभ्या पातळ पट्ट्यांच्या रांगा असतात. आडवा छेद घेतला की त्या कंगव्याच्या दात्यांसारख्या दिसतात. कोरिसोडोंटियमचे पान लांब, टोकदार, एकेरी पेशींचे, आणि तळाच्या कोपऱ्यात फुगीर तपकिरी पेशींचा गट. जात आधी ठरवणे भागच आहे, कारण दोघांची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची प्रमाणे) एकाच जागी, एकाच वर्षीही वेगळी येतात. गाभ्यात मध्येच जात बदलली आणि आपण ती पाहिली नाही, तर आलेख उडी मारतो आणि ती उडी हवामानाची वाटते. क-२ मध्ये ४४ सेंमीच्या खाली कोरिसोडोंटियम, वर पॉलिट्रायकम. संक्रमणाच्या चार चकत्यांत दोन्ही मिसळलेल्या. त्या चार चकत्यांतून दोन्ही जाती वेगळ्या वेचून दोन्हींचे मापन करायचे ठरले. दोन जातींमधला फरक गाभ्यातच मिळाला तर बाहेरून आकडा आणावा लागत नाही.

पॉलिट्रायकममध्ये आणखी एक सोय: मोसमाच्या सुरुवातीला आणि शेवटी पाने आखूड, मध्ये लांब. त्यामुळे एका खोडावर वर्षाचे टप्पे नुसत्या डोळ्यांना दिसतात. वरच्या १२ सेंमीतली सरळ निघालेली तीस खोडे घेऊन टप्पे मोजायला घेतले. त्याखाली खोडे वाकडी आणि दबलेली, मोजणी भरवशाची नाही.

३ मार्च

कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन, त्याच्या घटीवरून वय कळते) साठी वेचणी. नियम: फक्त खोड आणि त्याला चिकटलेली पाने. मुळांसारखे तपकिरी तंतू काढून टाकायचे, ते वरच्या खोडांतून खाली उतरतात आणि तरुण कार्बन आणतात. बुरशीचे धागे काढायचे. दगडफुलाचा तुकडा दिसला तर तो वाटाच बाजूला. एका नमुन्याला ८ ते १० मिलिग्रॅम कोरडा मॉस. मोजायला १ मिलिग्रॅम कार्बन लागतो, स्वच्छ मॉसमध्ये तो सुमारे ४५ टक्के, आणि धुण्यात अर्ध्याहून जास्त वजन जाते.

धुणे: १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ८०° से, ३० मिनिटे. मग ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ८०° से, २० मिनिटे, द्रावण रंगहीन होईपर्यंत पुन्हापुन्हा. मग परत आम्ल. शेवटचे आम्ल टाळायचे नाही: अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि तो आजचा कार्बन असतो.

वरच्या भागासाठी अणुचाचण्यांचे शिखर वापरणार. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या वातावरणीय चाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट केला. १९६३ च्या बंदी करारानंतर तो उतरत गेला. दक्षिणेत शिखर थोडे उशिरा आणि बुटके, म्हणून दक्षिण गोलार्धाचाच वक्र हवा. तोच नियम जुन्या तारखांना: दक्षिण गोलार्धाचा वक्र एसएचकॅल२०, उत्तरेचा इंटकॅल२० नव्हे. दोन्हींत काही दशकांचा फरक पडतो, आणि आपल्याला दशकांचेच बोलायचे आहे.

शिखराची अडचण अशी की प्रत्येक वाचनाला दोन तारखा निघतात, एक चढावरची, एक उतारावरची. एकटा नमुना निरुपयोगी. शिखराच्या दोन्ही बाजूंना मिळून निदान सहा घेतले तर क्रमानेच खरी तारीख ठरते. आता हवेतली पातळी चाचण्यांपूर्वीच्या पातळीजवळ परत आल्याने अगदी ताजा शेंडाही १९५५ चा असल्यासारखा दिसू शकतो. म्हणून सर्वांत वरच्या चकतीला तारीख मोजून लावायची नाही, खणल्याचे वर्ष द्यायचे.

एकूण १४ नमुने: वरच्या २० सेंमीत ८, खाली ६.

११ मार्च

कालमापनासाठी शिसे-२१० (किरणोत्सारी शिसे) वापरण्यावर चर्चा. अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे, दीडशे वर्षांपर्यंत उपयोगी, आणि कार्बनचा वक्र १६५० ते १९५० मध्ये सपाट आणि खाचखळग्यांचा असल्याने नेमकी तीच पोकळी भरते. पण शिसे-२१० हवेत येते जमिनीतून सुटणाऱ्या रेडॉनपासून, आणि अंटार्क्टिकाभोवती सगळा समुद्र आणि बर्फ. त्यामुळे तिथे ते फार कमी पडते. गॅमा मोजणीला पुरणार नाही. त्याच्या क्षयातून पुढे तयार होणाऱ्या पोलोनियम-२१० चे अल्फा कण मोजावे लागतील.

यातला सापळा: पोलोनियम तापवल्यावर उडून जाते. भट्टीतली राख वापरायची नाही, १०५° ला सुकवलेलाही नाही. गोठवून सुकवलेला वाटाच द्यायचा. सुदैवाने सेल्युलोजच्या वाट्यातून पुरेल इतके उरते.

सीझियम-१३७ घ्यायचे नाही. ते मॉसमध्ये पोटॅशियमसारखे वागते, जिवंत शेंड्याकडे सरकत राहते, आणि शिखर चुकीच्या जागी दाखवते.

१७ ते २१ मार्च

सेल्युलोज, पहिली तुकडी, २४ नमुने. संपूर्ण मॉस जाळून समस्थानिके मोजली तर मेण, फिनॉल, बुरशी सगळे मिसळते, आणि कुजण्याबरोबर त्यांचे प्रमाण बदलते. सेल्युलोज एकदा तयार झाले की बदलत नाही.

कृती: ८० ते १०० मिलिग्रॅम पाने-खोडे, काचनळीत. दर १०० मिली पाण्याला १.५ ग्रॅम सोडियम क्लोराइट आणि १ मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, प्रत्येक नळीला १० मिली, ७०° से च्या अल्ट्रासोनिक पात्रात एक तास. ओतून टाकून ताजे द्रावण, असे चार वेळा. मॉसमध्ये खऱ्या अर्थाने लिग्निन नसते, त्यामुळे लाकडापेक्षा कमी फेऱ्या पुरतात. मग गरम पाण्याने तीन धुण्या, १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड ७५° से ला ४५ मिनिटे, मग १७ टक्के खोलीच्या तापमानाला ४५ मिनिटे, सौम्य आम्ल, आणि पाणी उदासीन होईपर्यंत धुणे. गोठवून सुकवणे.

हे सगळे फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). क्लोराइट आणि आम्ल मिळून क्लोरीन डायऑक्साइड सुटतो, पिवळसर, घशाला झोंबणारा, आणि साठला तर स्फोटक. कोरड्या क्लोराइटवर आम्ल ओतायचे नाही, आधी पाण्यात विरघळवायचे. सांडलेले क्लोराइट कागदाने पुसून कागद कचऱ्यात टाकला तर सुकल्यावर तो पेट घेऊ शकतो. पाण्याने भिजवून धुवायचा.

हाती आलेले सेल्युलोज सुरुवातीच्या वजनाच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा.

२५ मार्च

दुसऱ्या तुकडीत सात नळ्या फिकट बदामी राहिल्या. कारण तपासले: पात्रात नळ्या दाटीने भरल्या होत्या, मधल्या नळ्यांचे तापमान ५८° से. अभिक्रिया अर्धवट. दोन फेऱ्या जादा दिल्या, पांढऱ्या झाल्या. पण फेऱ्या वाढवताना सेल्युलोजही झिजते, म्हणून या सात नमुन्यांवर खूण केली आणि त्यातल्या दोघांचा नवा वाटा शिस्तीत चार फेऱ्यांत करून जोडीला मोजणार. यापुढे एका वेळी १६ नळ्या, मध्ये थर्मामीटर.

२ एप्रिल

समस्थानिक मापनासाठी वजने. कार्बनला ०.३ मिलिग्रॅम, कथिलाच्या कपात. ऑक्सिजनला ०.२५ मिलिग्रॅम, चांदीच्या कपात, कारण तो सुमारे १४००° से ला ऑक्सिजनविना विघटित करतात. सेल्युलोज हवेतली ओल शोषते आणि त्या ओलीत ऑक्सिजन असतो. कप भरल्यावर निर्वात ओव्हनमध्ये रात्रभर, आणि यंत्रात जाईपर्यंत हवा लागू द्यायची नाही. दर दहा नमुन्यांमागे मानक. कार्बनला आयएईए-सीएच-३ सेल्युलोज (डेल्टा मूल्य, म्हणजे ठरलेल्या मानकाच्या तुलनेत जड कार्बन-१३ किती कमी-जास्त ते दर हजारी: उणे २४.७२ ‰).

अर्थ लावण्याआधी हे लिहून भिंतीवर लावले आहे: मॉस तापमान नोंदवत नाही, पाणी नोंदवतो. त्याला पर्णरंध्रे नाहीत, मुळे नाहीत, पाणी अडवण्याचे किंवा सोडण्याचे काहीच साधन नाही. पानावर पाण्याचा थर जाड असेल तर कार्बन डायऑक्साइड आत शिरताना अडतो, पाण्यात त्याचा प्रसार हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद. तेव्हा मॉसला जड कार्बन-१३ नाकारण्याइतकी निवड करता येत नाही, आणि डेल्टा मूल्य कमी ऋण होते. म्हणजे ओले वर्ष शून्याकडे, कोरडे वर्ष खोल ऋणाकडे.

उन्हाळा तापला तर बर्फ वितळून पाणी वाढेल, किंवा बर्फाचा साठा संपून पाणी घटेल, किंवा वारा वाढून पाणी उडून जाईल. तिन्ही शक्य. पूर्व अंटार्क्टिकात केसी संशोधन तळाजवळ, विंडमिल बेटांवर, २००० ते २०१३ च्या निरीक्षणांत ओल लागणारा शिस्टिडियम अंटार्क्टिसी मागे हटला, आणि कोरडे सोसणारे सेराटोडॉन पर्प्युरियस व ब्रायम स्यूडोट्रिक्वेट्रम पुढे आले. त्याच काळात अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या बाजूला हिरवा भाग पसरत होता: उपग्रहांच्या मोजणीत १९८६ मध्ये एक चौरस किमीहून कमी, २०२१ मध्ये जवळजवळ बारा. एकाच खंडावर दोन उलट गोष्टी. दोन्हीकडे मॉस खरेच सांगतो, पण तो आपल्या पायाखालच्या ओलीबद्दल सांगतो.

दुसरा धोका हवेचा. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे डेल्टा मूल्य सुमारे उणे ६.५ वरून उणे ८.३ च्या खाली गेले आहे. मॉस ही घसरण जशीच्या तशी उचलतो. म्हणून कच्चे मूल्य न काढता निवडीचे मूल्य (मॉसने जड कार्बन किती नाकारला) काढायचे: (हवा उणे मॉस) भागिले (१ अधिक मॉस/१०००). उदाहरण: जुना मॉस उणे २४.० आणि हवा उणे ६.५, निवड १७.९. नवा मॉस उणे २५.५ आणि हवा उणे ८.३, निवड १७.७. कच्च्या आकड्यांत दीड ‰ ची मोठी घसरण, प्रत्यक्षात मॉसच्या वागण्यात जवळजवळ काहीच बदल नाही. हे गणित तारखांशिवाय करता येत नाही, कारण हवा कोणत्या वर्षाची घ्यायची हेच कळत नाही. कालमापन येईपर्यंत आलेख काढायचा नाही असे ठरले.

९ एप्रिल

कवचधारी अमीबा. १ घन सेंमी मॉस, लायकोपोडियम वनस्पतीच्या बीजाणूंची एक गोळी (त्यांची संख्या डबीवर छापलेली, तुकडी क्रमांकासह वहीत), गोळी फुटायला थोडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. पाण्यात १० मिनिटे उकळून ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून खाली, १५ मायक्रॉनच्या चाळणीवर जे राहील ते घ्यायचे. ग्लिसरॉलमध्ये काचपट्टी, ४०० पट. किमान १०० कवचे.

घनता = (मोजलेली कवचे × टाकलेले बीजाणू) ÷ (मोजलेले बीजाणू × आकारमान).

जवळजवळ सगळी कवचे कोरिथिऑन ड्युबियमची. लहान, चपटी, अंडाकृती, अंगावर बारीक लंबगोल तुकडे विस्कळीत बसवलेले. ट्रायनेमाशी गल्लत होते, त्याचे तुकडे गोल आणि मोठे असतात. तोंड दिसेपर्यंत काचपट्टी हलक्या हाताने टोकरून कवच उलटवायचे.

खाली जाताना संख्या घटते. हे मोहक आहे: वर जास्त अमीबा, म्हणजे अलीकडे माती जास्त जिवंत. पण या कवचांचे सिलिकाचे तुकडे जुन्या आम्ल थरात विरघळतात आणि कवच विस्कटते. घट ही जगण्याची की टिकण्याची? म्हणून सुटे तुकडे आणि फुटकी कवचे वेगळ्या रकान्यात मोजायला सुरुवात केली. अखंड कवचे घटली आणि फुटकी तितकीच वाढली, तर तो हवामानाचा पुरावा नव्हे.

१५ एप्रिल

३० सेंमीची राख. सूक्ष्मदर्शकाखाली काचेचे टोकदार कण, काही बुडबुड्यांचे, म्हणजे ज्वालामुखीचे. जवळचा उमेदवार डिसेप्शन बेट, १९६७, १९६९ आणि १९७० चे उद्रेक नोंदलेले, त्याआधीचेही थर आहेत. कण सोडियम पॉलिटंगस्टेट या जड द्रावणात घनतेने वेगळे करायला घेतले. नेहमीची रीत: द्रावणाची घनता २.० असताना तरंगणारे टाका, २.५ असताना तरंगणारे ठेवा. डिसेप्शनची काच बहुतांशी बेसाल्टी, गडद आणि जड, ती २.५ मध्ये बुडते. रीतीप्रमाणे गेलो असतो तर हवी तीच काच सिंकमध्ये गेली असती. बुडालेला भाग ठेवला आहे.

रासायनिक तपासणीसाठी भट्टीतली राख द्यायची नाही, उष्णतेने काच बदलते. ताजा वाटा आम्लात पचवून घेतला.

२२ एप्रिल

आर्क्टिकच्या नमुन्यांवर बैठक, कारण पुढच्या टप्प्यात तुलनेसाठी तोही प्रकार घ्यायचा आहे. तिथला पुरावा गादीचा नाही, मृत्यूच्या तारखेचा आहे. कॅनडाच्या बॅफिन बेटावर सपाट पठारांवरच्या हिमटोप्या आक्रसताना खालचा मॉस मुळच्या जागी, उभा, मेलेला बाहेर पडतो. अशी टोपी सरकत नाही, नुसती बसते, म्हणून खालचे खरवडले जात नाही. शेंड्याची कार्बन-१४ तारीख म्हणजे त्या जागेवर बर्फ येऊन बसल्याची तारीख. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात अशा तारखांचे दोन घोस दिसले, इ.स. १२७५-१३०० आणि १४३०-१४५५, म्हणजे लघु हिमयुगाची सुरुवात अचानक झाली. काही टोप्यांखालचा मॉस तर ४०,००० वर्षांहून जुना निघाला, आणि त्याचा अर्थ सरळ आहे: त्या जागा इतक्या काळात आत्ताच पहिल्यांदा उघड्या पडल्या.

गोळा करण्याचे नियम: बर्फाच्या काठापासून एक मीटरच्या आत, त्याच उन्हाळ्यात उघडा पडलेला. एक-दोन मोसमांत वारा आणि पाणी त्याला उखडून नेते. खडकाला किंवा मातीला धरून असलेलाच घ्यायचा, सुटा नाही. तारखेला फक्त शेंड्याचा शेवटचा वर्षाचा टप्पा.

आणि तो खरेच मेला आहे का, हे तपासायचे. एल्समेअर बेटावर टिअरड्रॉप हिमनदीखालून निघालेल्या, सुमारे ४०० वर्षे झाकलेल्या मॉसला प्रयोगशाळेत पुन्हा फुटवे आले (२०१३). सिग्नीच्या गादीत एक मीटरहून खोल, दीड हजार वर्षांपेक्षा जुना कोरिसोडोंटियम पुन्हा वाढला (२०१४). आपल्या कामासाठी याचा धडा व्यावहारिक आहे: गाभा ४° से ला, उजेडात, आठवडाभरही ठेवायचा नाही. जुना मॉस हिरवा होऊन आजचा कार्बन बांधू लागतो आणि तारीख तरुण होते.

६ मे

कार्बन-१४ ची वाचने आली. १४ पैकी १३ क्रमाने. वरच्या आठांत चढ, शिखर आणि उतार तिन्ही स्पष्ट, त्यामुळे दुहेरी तारखांचा प्रश्न सुटला. एक नमुना, ३६.३ सेंमी, वरच्यापेक्षा तरुण. वेचणीचे फोटो काढून पाहिले: त्या नमुन्यात खोडे कमी होती म्हणून तंतू नीट न काढता वजन भरले होते. नमुना काढून टाकला नाही. वयाच्या प्रतिमानात त्याला क्रमात न बसणारे वाचन म्हणून ठेवले आणि कारण वहीत लिहिले. उरलेल्या वाट्यातून, वजन ५ मिलिग्रॅम भरले तरी चालेल, स्वच्छ वेचून पुन्हा पाठवतो आहोत.

३० सेंमीची राख १९६७-७० ची नाही. तारखा तिला त्याआधीच्या काळात ठेवतात. ती कोणत्या उद्रेकाची हे काचेचे रसायन सांगेल, तोवर तिला नुसते "थर ट-१" म्हणायचे.

टप्प्यांची मोजणी आणि कार्बनचा वक्र वरच्या १२ सेंमीत दोन वर्षांच्या फरकाने जुळतात. ही जुळणी फार मोलाची, दोन्ही पद्धतींच्या चुका वेगळ्या आहेत.

१३ मे

पहिला आलेख पडद्यावर: वरच्या भागात वाढ झपाट्याने चढते. सेंमी प्रति वर्ष हा अक्ष कुणीतरी परत लावला होता, तो काढून ग्रॅम प्रति चौ. सेंमी प्रति वर्ष लावला. चढ बराच उतरला, पण उरला.

उरलेल्यातही कुजण्याचा वाटा आहे. वरचा थर अजून कुजायचा आहे, खालचा कुजून झाला आहे, म्हणून प्रत्येक गादीत, कोणत्याही हवामानात, वरचा भाग फुगलेला दिसतोच. नेहमीचे प्रतिमान: साठ्याचा बदल = दरवर्षीची भर उणे (कुजण्याचा दर × साठा). भर स्थिर धरून, कुजण्याचा दर खालच्या थरांवरून काढून, अपेक्षित वक्र आखला. मोजलेला वक्र त्याच्या वर जितका आहे, तेवढ्यावरच बोलायचे.

द्वीपकल्पावर अशी वाढ आधी दिसली आहे. २०१३ मध्ये अलेक्झांडर बेटावरच्या लाझारेव्ह उपसागरातल्या गाभ्यातून, आणि २०१७ मध्ये एलिफंट, आर्डली आणि ग्रीन या बेटांवरच्या, सुमारे ६०० किमीत पसरलेल्या गाभ्यांतून. तिथेही निष्कर्ष एका मापावर बेतलेला नव्हता. वाढ, साठा, अमीबा आणि कार्बन-१३ एकत्र पाहिले होते. क-२ मध्ये आपल्याकडे चारपैकी दोन हातात आहेत, तिसऱ्याची फुटकी कवचे अजून मोजायची आहेत, चौथ्याचे निवडीचे गणित आता तारखा आल्यावर सुरू होते.

२० मे

निवडीचे मूल्य काढायला वर्षनिहाय हवेची मालिका लावली: जुन्या काळासाठी हिमगाभ्यांतली, अलीकडच्यासाठी थेट मोजलेली. दोन्हींच्या सांध्यावर पायरी पडत नाही हे तपासले.

बदामी राहिलेल्या नळ्यांच्या दोन जोड्यांत कार्बनचा फरक मोजणीच्या चुकीच्या आत. ऑक्सिजनचा एका जोडीत बाहेर. म्हणून त्या सात नमुन्यांचे ऑक्सिजन वगळले, कार्बन ठेवले.

संक्रमणाच्या चार चकत्यांतली दोन जातींची वेगळी वाचने पुढच्या आठवड्यात. ती आल्याशिवाय ४४ सेंमीच्या वरची आणि खालची रेघ जोडायची नाही. कवच-मोजणी चकती ४० पासून पुढे चालू.